नोंद, क्रम आणि उत्तर : मराठी संदर्भसाधनांच्या इतिहासातील शोधयंत्राचे स्थान

मराठीच्या विद्यापीठीय संशोधनात एक वाक्य दीर्घकाळ रूढ आहे : 'प्रस्तुत विषयावर यापूर्वी फारसे लेखन झालेले आढळत नाही.' प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे वाक्य असावे, असा जणू संकेतच आहे. वाक्य जुने असले तरी त्यातील 'आढळत नाही' या क्रियापदाचा आशय मात्र गेल्या पंचवीस वर्षांत बदलला आहे. पूर्वी 'आढळत नाही' असे लिहिणाऱ्या अभ्यासकाने निदान दाते यांची ग्रंथसूची उघडलेली असे, ग्रंथालयातील कार्डांचे खण चाळलेले असत, नियतकालिकांच्या काही फायली तरी धूळ झटकून पाहिलेल्या असत. न आढळणे ही त्याने केलेली एक कृती होती आणि ती कोठे, कशी केली हे विचारता येत होते. आज तेच क्रियापद बहुधा एका आयताकृती चौकटीत चार शब्द टाइप करून समोर आलेल्या पहिल्या पानाविषयी वापरले जाते. 'मला आढळले नाही' आणि 'अस्तित्वात नाही' यांतील अंतर पुसले जाणे ही केवळ संशोधनपद्धतीची हेळसांड नव्हे. वाङ्मयेतिहासाचा पुरावा म्हणून आपण काय धरतो, हाच प्रश्न त्यातून उभा राहतो.

या प्रश्नाकडे यंत्राच्या बाजूने पाहण्याची रीत आहे, ती तंत्रज्ञांची. येथे तो मराठी संदर्भसाधनांच्या परंपरेच्या बाजूने पाहावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका मी निवडला आहे. पुण्या-मुंबईच्या ग्रंथव्यवहाराच्या मध्यभागातून ही साधने पाहिली की ती पुरेशी वाटतात. ती कोठे अपुरी पडतात हे पाहावयाचे तर कडेला जावे लागते.

सूची ही आपल्याला परकी गोष्ट नाही. संतांच्या छापील गाथांच्या शेवटी अभंगांच्या आद्य चरणांची अकारादी सूची असते. तिचा उपयोग कोणाला होतो हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याला चरण आधीच पाठ आहे त्यालाच ती सूची अभंगापर्यंत नेते. म्हणजे ती स्मृतीला पूरक आहे, स्मृतीची जागा घेणारी नाही. याच्या उलट दिशेने जाणारे काम विसाव्या शतकाच्या मध्यास झाले. मु. ग. पानसे यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषिक विशेषांवरील आपल्या १९५३च्या इंग्रजी ग्रंथात शब्दसूची सिद्ध केली आणि रा. ना. वेलिंगकर यांनी 'ज्ञानेश्वरीचे शब्दभांडार' रचले. येथे वाचकाला ओवी पाठ असण्याची गरज उरली नाही. शब्द हाती असला की त्याची स्थळे मिळतात. संहिता स्थळाकडून शब्दाकडे जाते, तर अशी सूची शब्दाकडून स्थळाकडे जाते. संगणकशास्त्रात जिला 'उलटी सूची' म्हणतात व जिच्यावर जगातील प्रत्येक शोधयंत्र उभे आहे, ती तत्त्वतः हीच आहे. फरक आकाराचा आणि वेगाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशप्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून सुमारे एक कोटी नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवून घेण्यात आल्या. त्या चिठ्ठ्यांच्या कपाटांपुढे उभे राहिले असता शोधयंत्राच्या पोटात काय असते याची कल्पना कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक चांगली येते. एक भेद मात्र आहे. प्रत्येक चिठ्ठी कोणीतरी वाचून लिहिली होती.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'कडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. ज्ञानकोश मंडळाचा आरंभ नागपुरात झाला आणि पुढे काम पुण्यास गेले, ही गोष्ट विदर्भाबाहेर सहसा आठवली जात नाही. विसाच्या दशकात तेवीस खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कोशाची रचना विलक्षण आहे. अकारविल्हे नोंदी सुरू होण्यापूर्वी पाच प्रस्तावनाखंड येतात : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. कोशकाराने आपली इतिहासदृष्टी आधी हजारो पृष्ठांत मांडावी, मग वर्णक्रमाच्या स्वाधीन व्हावे आणि अखेरीस एक स्वतंत्र सूचीखंड द्यावा, अशी ही योजना आहे. केतकरांच्या अनेक निष्कर्षांशी आज कोणी सहमत होणार नाही. परंतु मतभेद व्यक्त करण्यासाठी समोर काही असावे लागते, आणि ते त्यांनी ठेवले आहे. 'माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास' या पुस्तकात तर त्यांनी कोशाच्या पैशाचा, माणसांचा आणि कलहांचाही हिशेब दिला. ज्ञान कोणी, कोणत्या भांडवलावर, कोणत्या भूमिकेतून क्रमबद्ध केले हे सांगण्याची ही सवय पुढे ज्यांनी जगाची माहिती क्रमबद्ध करण्याचे व्रत जाहीर केले त्यांच्याकडे दिसत नाही.

शंकर गणेश दाते यांचा स्वभाव निराळा. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांचा आहे. दात्यांपुढे वाङ्मयमूल्याचा प्रश्न नव्हता. पाकशास्त्राचे चोपडे, स्त्रियांच्या गाण्यांची पुस्तिका आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' या सर्वांना सूचीत समान दर्जा आहे. वाङ्मयेतिहासकाराला हा समभाव अनेकदा अडचणीचा वाटतो. मला तो दात्यांचा सर्वांत मोठा सैद्धांतिक गुण वाटतो. अभिरुचीने ज्यांना बाहेर काढले त्यांना सूचीने सांभाळून ठेवले. एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय वाङ्मयाविषयी नव्वदच्या दशकानंतर जे नवे लेखन झाले ते या सांभाळण्यामुळे शक्य झाले.

पण दात्यांच्या सूचीचेही एक 'बाहेर' होतेच. ती मुद्रित मराठी ग्रंथांची सूची होती. जे छापले गेले नाही, जे मराठीत नव्हते, ते तिच्यात येण्याचे कारण नव्हते. धानोऱ्याच्या परिसरातील वाङ्मयव्यवहार, म्हणजे गोंडी गाणी, कथा, पूजाविधींतील कथने, हे सर्व दोन्ही कारणांनी तिच्या बाहेर राहिले. तेव्हा सूचीच्या काळात सर्व काही मिळत होते आणि यंत्राच्या काळात हरवले, असा साधा ऱ्हासाचा इतिहास येथे लिहिता येत नाही.

यंत्राच्या काळाचा आरंभ मराठीपुरता बराच उशिरा होतो. महाजालावरील पानांतील शब्दन्शब्द शोधू देणारी यंत्रे १९९४-९५ च्या सुमारास आली. त्यांतील आल्टाव्हिस्टा डिसेंबर १९९५ मधले, तर गुगल १९९८ मधले. परंतु त्या वर्षांत मराठी मजकूर यंत्राच्या दृष्टीने मजकूरच नव्हता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतावली भारतीय मानक म्हणून १९९१ साली मान्य झाली. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. कागदावर प्रश्न सुटला होता. व्यवहारात मात्र प्रत्येक मुद्रणालय, प्रत्येक वृत्तपत्र आणि प्रत्येक शासकीय कार्यालय आपापल्या फॉन्टच्या खासगी संकेतांत लिहीत राहिले. पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसे, पण पोटात रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन माळ असे. डोळ्यांना दिसणारे चिन्ह आणि यंत्राला कळणारे चिन्ह यांची अशी फारकत चिन्हमीमांसेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. सुमारे दशकभर मराठीतील बरेच संगणकीय लेखन छापता येत होते, वाचता येत होते आणि शोधता येत नव्हते. त्या काळातील कित्येक फायली आजही त्याच अवस्थेत पडून आहेत. दात्यांच्या सूचीतील १८५० सालचे पुस्तक सापडते आणि १९९८ सालच्या संगणकावर जुळलेला मजकूर सापडत नाही, असा हा विपर्यास आहे.

युनिकोड रूढ झाल्यावरही अडचण संपली नाही, ती सूक्ष्म झाली. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण असते. दोन्ही छापून आले की हुबेहूब सारखे, पण अक्षरे मोजणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वीचे लेखन 'अ'वर चंद्र जोडून झालेले आहे. मोठी शोधयंत्रे यांतील काही फरक आता आपणहून सांधून घेतात. ग्रंथालयांच्या तालिका आणि विद्यापीठांची प्रबंधभांडारे ते सांधून घेतीलच असे नाही. याच्या जोडीला शुद्धलेखनाचा इतिहास आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी, आणि १९७२ साली त्यांत पडलेल्या भरीने, व्युत्पत्तिसिद्ध पण अनुच्चारित अनुस्वार गेले. 'कांहीं', 'नाहीं', 'महाराष्ट्रांत' अशा रूपांत लिहिलेले शतकभराचे गद्य आजच्या 'काही', 'नाही', 'महाराष्ट्रात' या शोधशब्दांच्या पलीकडे उभे आहे. ज्याने अनुस्वार गाळले त्याने पुढच्या पिढ्यांच्या शोधाची वाटही अंशतः वळवली, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी येणे शक्यच नव्हते. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या अभिजाततेचा पुरावा असलेल्या संहिता ज्या लेखनरूपांत आहेत त्या रूपांत त्या विद्यार्थ्याला सहज शोधता येतात काय, हा प्रश्न उत्सवाच्या गडबडीत मागे पडला.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तके प्रतिमारूपात जतन झाली, आणि त्यासाठी आपण कृतज्ञच असले पाहिजे. परंतु पुस्तकांची नावे नोंदवताना रोमन लिपीत जे काही टाइप झाले त्यावरून मूळ शीर्षक ओळखणे हा अनेकदा एक कोडे सोडवण्याचा खेळ ठरतो. पुस्तक भांडारात आहे आणि नावाने सापडत नाही. सूचीकाराच्या कष्टाची किंमत कळण्यासाठी यापेक्षा चांगला पाठ नाही.

आता क्रमाकडे वळू. वर्णक्रम कोणाला मोठे करीत नाही. गुगलचे वेगळेपण शोधण्यात नव्हते, क्रम लावण्यात होते. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना विद्यापीठीय उद्धरणपद्धतीवरून सुचलेली आहे. ज्या पानाकडे अनेक पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, आणि स्वतः महत्त्वाच्या असलेल्या पानाने दाखवलेले बोट अधिक वजनाचे. यूजीन गारफील्ड यांची विज्ञानलेखांची उद्धरणसूची साठच्या दशकात याच तत्त्वावर उभी राहिली होती.

आपल्या वाचकाला हे तत्त्व समजण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. कीर्तनात बुवा निरूपणाच्या पुष्ट्यर्थ 'प्रमाण' देतात. जो चरण वारंवार प्रमाण म्हणून दिला जातो तो श्रोत्यांच्या कानी बसतो. पुढचा कीर्तनकार तोच उचलतो, आणि नामवंत बुवाने उचलला की त्याचे वजन आणखी वाढते. तुकारामांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग असले तरी लोकांच्या तोंडी असलेले अभंग त्यांच्या मानाने फार थोडे आहेत, ते या प्रक्रियेमुळे. हे क्रमनिर्धारण निर्दोष नव्हते. पण ते कोण करतो हे सर्वांना दिसत होते. फडाफडांत निराळी प्रमाणे चालत, आणि शेवटी गाथा उघडून उरलेले अभंग वाचण्याची वाट खुली असे. शोधयंत्राच्या क्रमात ही तिन्ही गोष्टी नाहीत. क्रम कसा लागला हे व्यापारी गुपित असते, दुसऱ्या फडाचा क्रम शेजारी ठेवून पाहता येत नाही, आणि 'उरलेले' कोठे आहे याचा पत्ताच नसतो. शिवाय उद्धरणावर आधारलेला क्रम उद्धरणाची सवय असलेल्या समाजाला लाभतो. मराठी समीक्षेत तळटीप देण्याचा आळस जुना आहे. आपण एकमेकांचे ऋण मान्य करीत नाही, आणि मग यंत्राला आपल्यात कोणी महत्त्वाचा आहे हे कळत नाही म्हणून खंत करतो!

धानोरा तालुक्याकडे आता सविस्तर पाहू. 'धानोरा' हे नाव एका गावाचे नाही. विदर्भात, मराठवाड्यात आणि खानदेशात त्या नावाची अनेक गावे आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात एक आहे, जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात एक आहे. नाव तेच राहिले की यंत्र लोकसंख्या, वर्दळ आणि शोधणाऱ्याचे ठिकाण पाहून निवड करते. जंगलातील तालुक्याचे ठिकाण या स्पर्धेत सहसा जिंकत नाही. पण खरी अडचण काळाची आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता आणि त्याही पूर्वी जिल्ह्याचे नाव चांदा होते. लुसी स्मिथ यांचा १८६९चा जमाबंदी अहवाल आणि नेल्सन यांचे १९०९चे गॅझेटियर ही दोन्ही 'चांदा' या नावाखाली आहेत. चांद्याच्या पूर्व भागातील जमीनदाऱ्यांच्या यादीत धानोरा, रांगी, मुरूमगाव ही नावे येतात. त्या नोंदी इंग्रजीत आहेत आणि गावांची नावे रोमन लिपीत, साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत. 'गडचिरोली' हा शब्द टाकून एकोणिसाव्या शतकाचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे म्हणून जवळजवळ रिकामे पान येते, आणि त्या रिकामेपणाचे भाषांतर 'या भागाला लिखित इतिहास नाही' असे होते. वास्तविक इतिहास आहे, तो दुसऱ्याच्या हातचा व दुसऱ्या नावाखालचा आहे. त्याचे चिकित्सक वाचन करणे ही पुढची पायरी झाली. आधी तो सापडला पाहिजे.

याहून बोलके उदाहरण धानोऱ्याच्या जवळच असलेल्या मेंढा या गावाचे. गाव गोंडांचे, शंभराच्या आसपास घरांचे. लेखा ग्रामपंचायतीत येणारे म्हणून 'मेंढा (लेखा)' असे त्याचे नाव रूढ झाले. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हे नाव म्हणजे एक विनोदच आहे. मराठीत मेंढा म्हणजे मेंढीचा नर आणि लेखा म्हणजे हिशेब. पशुपालन आणि लेखापरीक्षण यांच्यामधल्या कोणत्या फटीत हे गाव शोधावे? ती अडचण आज उरलेली नाही. मेंढा प्रसिद्ध झाले. वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये देशात सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांत ते होते. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तेथे गेले. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावची' हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. आता यंत्र गाव ओळखते.

परंतु काय ओळखते? मेंढ्याविषयीचे बहुतेक लेखन धोरणाच्या, कायद्याच्या आणि वनव्यवस्थापनाच्या परिभाषेत आहे आणि त्यातला मोठा भाग इंग्रजीत आहे. मेंढ्याची खरी विलक्षण संस्था म्हणजे तेथील अभ्यासगट. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या सहवासात ती रुजली. एखाद्या प्रश्नावर लोक एकत्र बसतात, माहिती गोळा करतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून ऐकतात, आपसांत बोलतात. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नाही. तो ग्रामसभा घेते, आणि सर्वसहमतीने घेते. माहिती मिळवणे आणि निर्णय करणे यांच्यात इतकी स्पष्ट रेषा आखलेली ज्ञानव्यवस्था मला आपल्या विद्यापीठांतही दिसलेली नाही. हे सर्व बोलण्यातून चालते, आणि पुष्कळसे गोंडीतून. म्हणजे जी चर्चा या गावाच्या कीर्तीचे मूळ आहे तीच यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. तिच्या परिणामांविषयीचे बाहेरच्यांचे लेखन तेवढे आवाक्यात आहे. नाव सापडणे आणि आवाज सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे तीस लाख होती. भाषा राज्याराज्यांत विभागलेली, आठव्या अनुसूचीबाहेरची. तिच्या वाङ्मयाचे पहिले मोठे मुद्रण नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांतून झाले. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ते प्रसिद्ध केले, आणि त्यात लिंगोचे गीत आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने देवनागरीत 'लिंगो' लिहून त्या ग्रंथापर्यंत पोहोचण्याचा संभव कमी, कारण ग्रंथाच्या शीर्षकात लिंगो नाही, मध्य प्रांतातील 'मूळ रहिवासी जमाती' आहेत. गोंडीसाठी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, तर आदिलाबादकडच्या हस्तलिखितांतील गुंजाळा गोंडी २०१८ साली. मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्येच. संकेतांक मिळाल्याने अक्षर यंत्रात शिरते. त्या अक्षरात लिहिलेले काही असल्याखेरीज शोधण्याजोगे काही निर्माण होत नाही.

धानोऱ्याच्या पश्चिमेला, आरमोरी-वडसा-गडचिरोलीच्या बाजूला, झाडीबोली आहे. तिचा प्रश्न वेगळा, कारण ती मराठीच आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा कोश केला, तिची साहित्यसंमेलने उभी केली. झाडीपट्टीची नाटके वडशाच्या नाटक कंपन्या दर हिवाळ्यात गावोगाव नेतात. या बोलीत 'ळ' आणि 'ण' नाहीत. डोळा तो 'डोरा', पाणी ते 'पानी'. असा शब्द लिहिणाऱ्याला यंत्र नम्रपणे विचारते की आपल्याला अमुक तर म्हणायचे नव्हते ना. शाळेतला मास्तर तांबड्या शाईने जे करी तेच हे, फक्त शाई दिसत नाही. मास्तरशी वाद तरी घालता येत होता. दुरुस्ती जेव्हा सूचनेच्या रूपात येते, आणि ती मान्य केल्यावरच भरघोस फळ मिळते, तेव्हा प्रमाणभाषेची सत्ता किती मऊ हातांनी चालते हे दिसते. देशीवादाच्या चर्चेत नव्वदच्या दशकात आपण प्रमाणीकरणाच्या सत्तेविषयी बरेच लिहिले. ती सत्ता शिक्षणखात्यातून निघून एका सुचवणीच्या ओळीत जाऊन बसेल, हे त्या चर्चेत कोणाला दिसले नव्हते.

तिसरी अवस्था उत्तराची. २०१२ मध्ये गुगलने व्यक्ती, स्थळे, ग्रंथ यांचे परस्परसंबंध साठवणारे जाळे आपल्या शोधात आणले आणि शब्दाऐवजी 'वस्तू' ओळखण्याचा प्रयत्न सुरू झाला. २०१९ पासून वाक्याचा संदर्भ पाहणारी भाषाप्रतिमाने शोधात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि दीड-दोन वर्षांत शोधयंत्रेच उत्तरे लिहू लागली. गुगलचा जेमिनी हा संवादक २०२४ पासून मराठीतही उपलब्ध आहे. ही साधने उपयोगी आहेत यात वाद नाही. इंग्रजीतले, फ्रेंचमधले लेखन मराठीत समजावून घेण्याची एवढी सोय आपल्या विद्यार्थ्याला कधीच नव्हती. गॅझेटियरचे जुने इंग्रजी परिच्छेद धानोऱ्याच्या महाविद्यालयातील मुलगी आज कोणाच्या मिनतवाऱ्या न करता वाचू शकते. हे लहान काम नव्हे.

परंतु साधनांच्या इतिहासात या टप्प्यावर काय घडले ते नीट सांगितले पाहिजे. सूचीने ग्रंथाचे नाव दिले आणि ती थांबली. वाचणे वाचकावर सोडले. शोधयंत्राने दुवे दिले. त्यांचा क्रम संशयास्पद असला तरी दुवा दुसऱ्याच्या मजकुरापर्यंत नेत होता. उत्तरयंत्र मजकूरच देते, आणि तो कोणाचाच नसतो. काही वेळा खाली स्रोतांचे दुवे असतात. ते उघडले जातातच असे नाही, आणि उत्तरातील प्रत्येक वाक्य त्या स्रोतांत असतेच असेही नाही. न घडलेल्या परिसंवादाचे नाव, न लिहिलेल्या पुस्तकाचे पृष्ठ ही यंत्रे सहज रचतात, कारण संभाव्य वाक्य रचणे हाच त्यांचा धर्म आहे. ज्या विषयावर लेखन विपुल, तेथे संभाव्य वाक्य बहुधा खरे निघते. ज्या विषयावर ते विरळ, तेथे यंत्र जवळच्या विपुल विषयातून भर घालते. गोंडांच्या विधीविषयी विचारले असता उत्तरात बस्तरचे, मंडल्याचे किंवा कोणत्याही 'आदिवासी संस्कृती'चे सामान्य तपशील मिसळले जाण्याचा धोका असतो तो म्हणून. रिकामे पान निदान रिकामे दिसत होते. आता रिकाम्या जागेवर सारवण होते आणि ती जागा रिकामी होती याचीही खूण उरत नाही. सुरुवातीला ज्या 'आढळत नाही'चा उल्लेख केला, त्या वाक्याला कदाचित लवकरच जुन्या प्रामाणिकपणाची झळाळी येईल.

मराठी विश्वकोशाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सुरू झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. त्याच्या नोंदी महाजालावर खुल्या झाल्या, केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने खुला केला, मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात शब्दशः शोधता येतो. भाषाप्रतिमानांच्या मराठी वाचनात या व अशा मजकुराचा वाटा असणार, हे उघड आहे. विश्वकोशातील नोंद मात्र लेखकाच्या नावाने संपते, आणि नावाच्या मागेपुढे एक छोटा शब्द येतो : 'पहा'. संपादकाने जबाबदारीने घेतलेला निर्णय त्या दोन अक्षरांत असतो. ही दोन नावे एकाच गोष्टीची आहेत, किंवा ही गोष्ट त्या गोष्टीशिवाय कळणार नाही, असे तो सांगतो. यंत्र समानार्थी शब्द सांख्यिकीने ताडते. 'गडचिरोली : पहा चांदा' हे ताडण्यासाठी त्याला दोन्ही नावे एकत्र आलेला मजकूर पुरेशा प्रमाणात मिळावा लागतो, आणि तो कोणी तरी लिहावा लागतो.

गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. तेथील आणि शेजारच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांना हे काम करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही. धानोरा तालुक्यातील प्रत्येक गावाचे नाव घ्यावे : प्रमाण मराठीतील रूप, गोंडीतील नाव असल्यास ते, झाडीबोलीतील उच्चार, १८६९च्या अहवालातील आणि १९०९च्या गॅझेटियरमधील रोमन लेखन, जनगणनेतील क्रमांक, जुनी जमीनदारी. त्याच धर्तीवर गीतप्रकार, देवतानामे, वनस्पतींची नावे. सांगणाऱ्याचे गाव आणि सांगितल्याचा दिवस प्रत्येक नोंदीपुढे असावा. कोणती नोंद बाहेर जाऊ द्यायची आणि कोणती गावातच ठेवायची हे ग्रामसभेला विचारून ठरवावे. त्या तालुक्यात ही रीत काही नवी नाही. लेखन युनिकोडमध्ये असावे, 'ऱ' कोणता वापरायचा हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे, आणि जेथे माहिती मिळाली नाही तेथे रकाना कोरा ठेवून कोणाकोणाला विचारले ते लिहावे.